मागच्या सीटवरचे वकीलसाहेब

आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’. हे वकीलसाहेबांना बावीस वर्षांत कळलं नसेल असं होऊच शकत नाही. तरी मी ‘पाहू’ म्हटलं आणि त्या माणसानं तो होकार समजून खिशात घातला, आणि अमरावतीहून निघून थेट नेपाळच्या डोंगरात पोचेपर्यंत जपून ठेवला.

वकीलसाहेब म्हणजे माझा नवरा. घर मूळचं अकोल्याचं, वकिली अमरावतीच्या कोर्टात. माणूस तसा शांत, घरात आवाज चढतो तो माझाच. पण त्यांना मोटरसायकलवरून डोंगर फिरायचं वेड होतं. दर वर्षी कोर्टाला सुट्ट्या लागल्या की हे गायब. जिथं सगळे जातात तिथं कधी गेले नाहीत. नकाशात बारीक रेघ दिसली, आणि ती कुठं जाते हे कोणाला धड सांगता आलं नाही, की यांची बॅग भरलीच म्हणून समजा.

तीन वर्षांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात यांना फिट आली. उभ्याचे आडवे झाले. महिन्याभरात दुसरी आली, घरी, माझ्यासमोर. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि गाडी बंद केली. बंद म्हणजे बंद, बाजारात भाजी आणायला स्कूटरसुद्धा नाही. गोळ्या लागू पडल्या, पुढची दोन वर्षं काही झालं नाही. पण सकाळी उठून हा माणूस अंगणात जायचा, गाडीवरचं कापड काढायचा, पुसायचा, सुरू करायचा, पाच मिनिटं नुसता तिचा आवाज ऐकत उभा राहायचा आणि बंद करून घरात यायचा. रोज! मी खिडकीतून पाहायची आणि माझं डोकं फिरायचं. एक दिवस राहवलंच नाही.

“कायले रोज तिले जागवता अन झोपवता?” मी म्हटलं. “चाला, कुठं जायचं ते सांगा. मी चालवते.”

ही बढाई नव्हती. मी शाळेत गणित शिकवते, वय बावन्न, आणि माझा जन्म वरूडकडच्या संत्र्याच्या बागेतला. कॉलेजात होते तेव्हा बाबांच्या मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना संत्र्याचे कॅरेट बांधून मी बागेतून रस्त्यापर्यंत आणायची. तेही पांदणीतून. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, आणि पावसाळ्यात आमच्याकडची पांदण म्हणजे काळ्या मातीचा नुसता डिंक. चाक दोनदा फिरलं की मडगार्डात माती गच्च बसते, मग काडीनं कोरत बसा. त्या पांदणीत ज्याला गाडी चालवता आली त्याला जगात कुठंही येते, असं माझं ठाम मत होतं.

वकीलसाहेबांनी कपाट उघडून एक जुना नकाशा काढला. पश्चिम नेपाळ, कर्णाली नदीचा मुलूख, जुमला. आजारी पडण्याआधीच त्यांनी तो बेत करून ठेवला होता. “मुस्तांगले सगळं जग जाते,” ते म्हणाले. “इकडे कोणी जात नाही.” सुर्खेतहून जुमल्याला जाणारा मोठा रस्ता होता, पण यांचा डोळा त्याच्यावर नव्हता. कालीकोटच्या पुढं नदी ओलांडून पलीकडच्या डोंगरानं गावागावातून फिरत जाणारी जीपची एक वाट होती, ती पुन्हा जुमल्याच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला येऊन मिळायची. त्या वाटेवर त्यांनी पेन्सिल फिरवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ह्यातला एक टप्पा मले चालवू दे. एकच. मोकळा असंन तोच.”

मी म्हटलं, “पाहू.”

दोन महिने दर रविवारी आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो आणि उतरलो. मी पुढं, ते मागं. लोक वळून वळून पाहायचे. एकानं तर चहाच्या टपरीवर यांना विचारलं, “काहो, तब्येत बरी नाही काय?” तेव्हा वकीलसाहेबांनी चहा अर्धाच टाकला. मी त्या माणसाला चांगलं झापलं. गाडीवर बसल्यावर मात्र मला हसू येत होतं, ते मी दाबलं.

ऑक्टोबरात निघालो. बैतूल, भोपाळ, लखनौ, बहराइच करत पाचव्या दिवशी नेपाळगंजच्या नाक्यावर. तिथं परदेशी गाडीचा परवाना काढावा लागतो, त्याला भन्सार म्हणतात. खिडकीतल्या साहेबानं कागद घेतले आणि वकीलसाहेबांकडे हात केला, “लाइसेन्स?” यांनी बोटानं मला दाखवलं. “गाडी मॅडम चलाती हैं,” म्हणाले, “मैं तो सामान हूँ.” साहेब हसला, रांगेतले सगळे हसले, हेही हसले. माझा नवरा खोटं हसतो तेव्हा त्याचा खालचा ओठ हलत नाही, हे त्या खिडकीतल्या माणसाला कुठून कळणार?

तरी प्रवास मस्त चालला होता, हे कबूल करते. कर्णालीच्या काठानं रस्ता निघाला आणि मी तर हरखूनच गेले. एकीकडे कडा डोक्यावर आलेला, एकीकडे खाली हिरवी नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आपली गाडी टुकटुक चाललेली. आमच्या वऱ्हाडात नजर टाकली की आभाळ टेकतं तिथपर्यंत सपाट, इथं नजर टाकावी तर समोरच्या डोंगरावर आपटायची. वकीलसाहेब मागून शिकवत राहायचे. वळणावर हॉर्न दे. ओढा लागला की आधी उतरून पाणी पाह्य. दरीच्या बाजूनं जाऊ नको, डोंगराच्या अंगाला धरून चाल. निम्मं मी ऐकायची, निम्मं हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही म्हणून सोडून द्यायची.

कालीकोटला एका हॉटेलात डाळभात खाताना जुमल्याहून सफरचंदं घेऊन आलेली जीप थांबली. सफरचंदं गोणीत! दाबून दाबून भरलेली! माझा जीव कळवळला. आमच्याकडे कोणी संत्रं असं भरून आणलं तर व्यापारी गोणीसकट परत पाठवील. मी उठून त्या ड्रायव्हरला हिंदीत पेटी, गवत, थर, सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन सफरचंदं माझ्या हातावर ठेवली. गोणीतली असूनही अशी गोड की मी पुढचं भाषण आवरतं घेतलं. वकीलसाहेब इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी पुलावरून नदी ओलांडली आणि ती पेन्सिलची वाट सुरू झाली. गाडी नाही, माणूस नाही. मातीच्या भिंतींची घरं, छतावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या, मग पुन्हा पाइनचं रान. दोन तास झाले. वाट रुंद झाली, सपाट झाली. मला ठाऊक होतं आता मागून काय येणार.

“थांबव वं जरा,” वकीलसाहेब म्हणाले. “हाच टप्पा बरा हाय. चिडीचूप हाय. मी दहा-बारा किलोमीटर नेतो.”

“इथं? एका अंगाले दरी हाय.”

“दोन वर्षं झाली. एकबी फिट नाही. गोळ्या येळेवर घेऊन राह्यलो.”

“पाहू पुढं,” मी म्हटलं आणि गिअर टाकला.

त्यानंतर मागून एक शब्द आला नाही. तासभर तरी. गाडीवर पाठीमागं रुसलेला माणूस असला की पाठीला कळतं. मला राग आला, आणि राग आला की मी जोरात चालवते.

मग चिखल लागला. वरच्या डोंगरातून पाणी पाझरत होतं आणि साठेक पावलं वाट नुसती राड झाली होती, जीपच्या चाकांनी दोन नाल्या पडलेल्या, त्यात नडगीपर्यंत चिखल. पण दरीच्या कडेनं दोन-अडीच फुटांचा हिरवागार पट्टा होता. गवत. ते पाहून मला माहेर भेटल्यासारखं झालं. आमच्या पांदणीत हेच करतात. मधे चिखल असला की गाडी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर चढवायची. गवताची मुळं माती धरून असतात, चाक रुतत नाही. लहानपणापासून माझ्या हाताला तीच सवय. गवत दिसलं की तिकडेच हँडल वळतं.

“अवं, आतून घे! डोंगराकडून घे!” मागून आवाज आला.

“तिकडे चिखल हाय, दिसून नाही राह्यला काय?”

“चिखलातूनच ने. गवतावर नको!”

“मले चिखल शिकवू नका,” मी म्हटलं. “माहा जन्म चिखलात गेला.”

आणि घातली गवतावर. पहिली पंधरावीस पावलं गाडी अशी सरळ गेली की मी ओरडून सांगणार होते, पाहा, याला म्हणतात चालवणं. तेवढ्यात मागचं चाक खाली बसलं. गाडी डावीकडे कलली. मी डावा पाय टेकवला, आणि तो टेकलाच नाही. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच बोलतो. माझी खरंच सरकली. गवत, माती, दगड सगळं एकत्र खाली निघालं होतं. मला एवढंच आठवतं की कोणीतरी मला जॅकेटच्या मानेला धरून हिसका दिला, असा की दात वाजले, आणि मी पाठीवर चिखलात पडले होते. माझ्या शेजारी वकीलसाहेब. गाडी नव्हती.

ती पुरुषभर खाली एका काटेरी झुडपात अडकली होती, चाक वर करून. त्याच्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे होतं, नदी होती, पण ती इतकी खाली की तिचा आवाजही वर येत नव्हता.

“लागलं काय?” ते विचारत होते. “अवं बोल ना! लागलं काय?” गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही.

थोड्या वेळानं गवताचे भारे पाठीवर घेतलेल्या चार बाया वाटेनं आल्या. कपाळावरून पट्टा घेऊन त्याला ओझं अडकवायची त्यांची रीत. त्यांनी खाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, भारे उतरवले, पट्ट्यांचे दोर सोडले आणि एकाला एक जोडले. वकीलसाहेब खाली उतरले, तेव्हा मात्र मी किंचाळले. त्यांनी दोर गाडीला बांधला आणि आम्ही पाच बायांनी सगळा जोर लावून ती वर ओढली. एक आरसा गेला, क्लचची दांडी वाकली, टाकीला पोचा पडला. बटण दाबलं तर पठ्ठी सुरू झाली.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं मला हाताला धरून कडेला नेलं. माझ्या आईच्या वयाची असेल. तिनं पायाच्या अंगठ्यानं गवताच्या एका हिरव्या ठोंबाला नुसतं ढकललं. तो मातीसकट सुटला आणि खाली गेला. रस्ता खोदताना डोंगरातली सुटी माती कडेला टाकतात, त्यावर पावसाळ्यात गवत उगवतं, पण त्याच्या खाली धरायला काही नसतं. हे तिनं एका शब्दाशिवाय सांगितलं, आणि वकीलसाहेब चार दिवसांपासून शब्दांत सांगत होते. मी त्या बाईच्या पाया पडले. ती लाजली, भारा उचलून बाकीच्यांच्या मागे निघून गेली.

चिखलाच्या पलीकडे वळणावर मोठा गवताळ माळ होता, मेंढरं चारायचा असावा, सपाट, चहूकडे मोकळा. गाडी तिथपर्यंत ढकलत नेली आणि बसलो. वकीलसाहेब पान्हा घेऊन क्लचची दांडी सरळ करू लागले. एक शब्द नाही बोलले. ‘सांगितलं होतं’ असंही नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं. माझा इलाज नव्हता, मी भांडायला सुरुवात केली.

“तुमी मांगून वरडले म्हणून घसरली गाडी!”

त्यांनी पान्हा खाली ठेवला.

“दोन वर्षं झाली,” ते हळू म्हणाले, “मले कोणी काही इचारत नाही. घरात नाही, कोर्टात नाही. मी बोललो तर ‘हो हो’ म्हणते अन आपल्या मनाचं करते. तूबी. फिट आली दोनदा, अन तुमी लोकायनं मले कायमचा येडा, भैताड करून ठेवला.”

खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच मला अजून झोंबलं.

“अन मी?” मी ओरडले. त्या माळावर ऐकायला होतं कोण! “मले गाडी येते हे तुमाले लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. माह्या बापानं सांगतलं होतं बैठकीत. इतके वर्षं मी मांगं बसली. तुमी एकदा तरी इचारलं, तुले चालवाची काय म्हणून? एकदा? मी दर वर्षी तुमची बॅग भरून देत होती अन फाटकापाशी हात हालवत होती!”

वकीलसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. उलटतपासणीत साक्षीदारानं भलतंच सांगितलं की वकिलाचं होतं तसं. आणि मी थांबले नाही. जे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते ते बोलून गेले.

“डॉक्टरचं नाव सांगून राह्यली मी. उद्या डॉक्टरनं चालवा म्हटलं असतं ना, तरी मले हे गाडी वापस द्याची नव्हती. मले पुढं बसाले आवडते. लय आवडते. तुमी आजारी पडले तवा मी रडली, अन मंग मी पुढं बसली तर मले बरं वाटलं. झालं? ऐकलं?”

बोलून झाल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. गवत धरतं असं समजून मी आम्हा दोघांना दरीत घालत होते, आणि ज्यानं मला मानेला धरून ओढलं त्यालाच हे ऐकवत होते. मी उठले, किल्ली त्यांच्या हातात दिली. “घ्या,” म्हटलं. “माहे हात पाहा कसे कापून राह्यले. माह्यानं होत नाही. तुमी न्या जुमल्यापर्यंत. मी बसते मांगं.”

हे मी मनापासून म्हटलं. पुढं दरीच्या कडेची वाट होती, दुपार झाली होती, आणि मी ती फिट विसरले नव्हते. तरी म्हटलं. हरल्यावर माणूस काय वाटेल ते देऊन टाकतो.

वकीलसाहेबांनी किल्ली घेतली. मग म्हणाले, “तू थांब इथंच,” आणि एकटेच गाडीवर बसले. माळावर गाडी घातली. पहिला फेरा हळू. दुसऱ्या फेऱ्याला सरळ झाले, पाठ ताठ, कोपरं सैल, बावीस वर्षं मी मागून पाहिलेली तीच पाठ, पण आता मला ती लांबून आणि पूर्ण दिसत होती. काय सुंदर चालवतो हा माणूस! मला कधी येणार नाही तसं. गवताच्या गाठी, खड्डे, काही नाही, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी. मला रडूच फुटलं, आणि मी ते पुसलंही नाही.

तिसऱ्या फेऱ्यात माळाच्या पार टोकाला ते थांबले. पाय टेकवून, मान खाली घालून बसून राहिले. मी धावत सुटले, गुडघा विसरून, ओरडत.

पोचले तर ते शुद्धीवर होते. गाडी चालूच होती. डोळे ओले होते.

“फिट नाही,” ते म्हणाले. “घाबरू नको. काही झालं नाही.”

“मंग थांबले कायले?”

“एकटा असतो तर नेली असती वं जुमल्यापर्यंत. देवाशपथ नेली असती. हाताचा भरोसा हाय मले.” त्यांनी टाकीवर पोचा पडला होता तिथं तळवा ठेवला. “डोक्याचा नाही. अन मांगं तू बसणार.”

जे मला दोन वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला तो माणूस परत पुढं बसलेला पाहायचा होता, जुमल्यापर्यंत, अमरावतीपर्यंत, कुठंही.

ते उतरले. गाडी माझ्या बाजूला कलती धरून उभे राहिले, मला चढता यावं म्हणून. हेल्मेट घालता घालता थांबले आणि म्हणाले, “एक गोष्ट ध्यानात ठेव. गाडी डॉक्टरनं सोडवली नाही. तुनं सोडवली नाही. मी सोडली.”

“हाव,” मी म्हटलं, आणि पुढं बसून हँडल धरलं.